मुळशी १९२१: पुष्कळांचं सुख आणि मावळ्यांची जमीन

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी, म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पन्नासेक गावांची जमीन त्यांच्या मर्जीविरुद्ध घ्यावी का? हा प्रश्न कुणी वर्गासाठी रचलेला नाही. पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत तो मुळशी पेट्यात (पेटा म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग) प्रत्यक्ष उभा राहिला. त्यापायी माणसं तुरुंगात गेली. ज्यांनी त्याला 'हो' असं उत्तर दिलं, त्यांचं धरण आजही दर पावसाळ्यात भरतं.

उपयुक्ततावाद, म्हणजे कृतीचं बरंवाईट तिच्यातून निघणाऱ्या सुखदुःखाच्या बेरजेवरून ठरवणारा सिद्धान्त, शिकवताना मी विद्यार्थ्यांपुढे हेच प्रकरण ठेवतो. सुटलेल्या ट्रॉलीचं कोडं सगळ्यांना माहीत असतं: खटका ओढून पाच जणांना वाचवायचं आणि एकाला मारायचं का? कोडं चांगलं आहे. पण त्यातल्या माणसांना गाव नसतं, त्यांच्या शेतावर सावकाराचं गहाण नसतं आणि खटका ओढणाऱ्याचा त्यात काही फायदाही नसतो. मुळशीत हे सगळं आहे. या सिद्धान्ताचं बळ आणि त्याची अडचण, दोन्ही अशाच तपशिलांत दिसतात.

काय घडलं

मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ, पुण्याच्या पश्चिमेला, टाटा पॉवर कंपनीने धरण योजलं. ही कंपनी १९१९ साली स्थापन झाली. त्याआधी टाटांच्या जलविद्युत योजनांपैकी खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं होतं आणि भिवपुरीचं काम चालू होतं (ते १९२२ साली पुरं झालं). कल्पना मोठ्या हुशारीची होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस एरवी पूर्वेकडे, देशावर वाहत जातो. तो घाटमाथ्यावरच अडवायचा, बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला कोकणात सोडायचा आणि त्या उतारावर जनित्रं फिरवायची. मुळशीचं पाणी भिरा इथे उतरणार होतं.

गिरण्या तेव्हा मुख्यतः कोळशावर चालत. कोळसा बंगाल-बिहारच्या खाणींतून यायचा. युद्धकाळात रेल्वेच्या वाघिणी मिळेनात आणि भाव चढले. वीज आली की कोळसा वाचेल, वाघिणी मोकळ्या होतील, शहरातला धूर कमी होईल, गिरण्या वाढतील आणि हजारो हातांना काम मिळेल, अशी बाजू कंपनीने आणि मुंबई सरकारने मांडली. यातलं काहीच खोटं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला सुमारे ११ हजार माणसं होती. आंबेमोहर भात पिकवणारी खाचरं, वरकस जमिनी, गुरांची कुरणं, देवळं, स्मशानं. मावळे म्हणवून घेणारे हे शेतकरी शिवाजी महाराजांच्या काळापासून आपण इथे आहोत, असं अभिमानाने सांगत. पण सगळी जमीन त्यांच्या नावावर नव्हती. बरीचशी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्या मालकीची झालेली होती आणि कसणारा तीच जमीन खंडाने करत होता. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

जमीन ताब्यात घेण्याची कायदेशीर प्रक्रिया पुरी होण्याआधीच कंपनीने शेतांत चाचणीचे चर खणायला घेतले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेकडो मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम काही काळ थांबलं. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी फेरी सुरू झाली. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते आणि 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. शेकडो जण तुरुंगात गेले, त्यांत स्त्रियाही होत्या. याच लढ्याने बापटांना 'सेनापती' ही ओळख दिली. सरकारने मोबदल्याचे दर वाढवले तसे सावकार हळूहळू बाजूला झाले. त्यांना जमिनीची किंमत हवी होती, मावळ्यांना जमीन हवी होती. आंदोलन तिथेच दुभंगलं. १९२४ साली बापटांनी मोजक्या साथीदारांसह कामावरची गाडी अडवली, शस्त्र वापरलं, अटक करून घेतली आणि मोठी शिक्षा भोगली. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

सिद्धान्त थोडक्यात

कृती बरोबर की चूक, हे तिच्या परिणामांवरून ठरवा, आणि परिणाम मोजताना एकच गोष्ट मोजा: तिच्यामुळे ज्यांच्यावर म्हणून परिणाम होतो त्या सगळ्यांचं मिळून सुख किती वाढलं आणि दुःख किती वाढलं. उपयुक्ततावादाचं हे मूळ म्हणणं. इंग्लिश तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७७६ साली जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हेच बऱ्यावाइटाचं माप असं लिहिलं आणि १७८९ सालच्या ग्रंथात त्याची पद्धतशीर मांडणी केली. मराठीत आपण त्याला 'पुष्कळांचं पुष्कळ सुख' म्हणतो.

आज हे वाक्य गुळगुळीत वाटतं, कारण ते आपल्या हाडीमासी मुरलंय. त्या काळी ते स्फोटक होतं. राजाचं सुख आणि मजुराचं सुख एकाच तराजूत? प्रत्येक जण एक धरायचा, कुणीही एकाहून अधिक नाही, हे बेंथमचं सूत्र म्हणून त्याचा वैचारिक वारस जॉन स्टुअर्ट मिलने नोंदवलं आहे. जन्म, जात, धर्म, रूढी यांपैकी कशाचाही आधार न घेता कायदा तपासता येतो, ही कल्पना तिथून आली. तुरुंग, शिक्षा, मतदान, स्त्रियांचे हक्क, जनावरांवरची क्रूरता, या सगळ्यांत उपयुक्ततावाद्यांनी काळाच्या पुढचं काम केलं. आपल्याकडे आगरकरांच्या लेखनात मिल आणि स्पेन्सर यांचा जो धागा दिसतो, तो याच मोकळ्या हवेचा. म्हणून 'हा तर नुसता नफ्यातोट्याचा हिशोब' असं म्हणून या विचाराला झटकून टाकणारे मला पटत नाहीत.

मिलने त्यात पुढे दोन दुरुस्त्या केल्या. सगळी सुखं सारख्या दर्जाची नसतात, बुद्धीची आणि भावनेची सुखं केवळ देहाच्या सुखांहून वरची, ही एक. दुसरी दुरुस्ती मला अधिक महत्त्वाची वाटते. न्याय आणि हक्क यांना त्याने उपयुक्ततेच्या पायावरच बसवलं: सुरक्षितता ही माणसाची सर्वांत प्राणभूत गरज आहे, तिच्याशिवाय दुसरं कुठलंच सुख टिकत नाही, म्हणून तिला राखणारे नियम सहजासहजी मोडायचे नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मिलने १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरी केली. हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते तो लिहीत असे. आणि व्यक्तिस्वातंत्र्यावरच्या १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने मागासलेल्या समाजांना हे तत्त्व लागू नाही, तिथे त्यांच्या भल्यासाठी एकतंत्री राज्य चालेल, असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे प्रत्येक जण एक धरायचा खरा, पण स्वतःचं भलं कशात आहे हे सांगायचा अधिकार मात्र प्रत्येकाला नाही. मुळशीच्या फायलींवर सह्या करणारे अधिकारी याच वातावरणात वाढलेले होते.

सरकारचा हिशोब

सरकारचा युक्तिवाद उपयुक्ततावादी भाषेतला होता: एका बाजूला लाखोंचं शहर, दुसऱ्या बाजूला काही हजार खेडूत, आणि त्यांना मोबदला तर देतोच आहोत. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात याला 'सार्वजनिक प्रयोजन' हे नाव होतं. कायद्याचा एक स्वतंत्र भाग कंपन्यांसाठी जमीन घेण्याबद्दल होता. बाजारभाव द्यायचा आणि सक्तीने घेतो म्हणून वर १५ टक्के द्यायचे.

त्या १५ टक्क्यांपाशी मी नेहमी थांबतो. जमीन घेताना बाजारभाव भरून निघाला तरी काहीतरी शिल्लक राहतं, हे कायद्याला ठाऊक होतं. विकायची इच्छा नसलेल्या माणसाकडून घेण्याचं ते दुःख. ते कायद्याने ओळखलं आणि त्याला दर लावला. दर कमी की जास्त, हा वाद नंतरचा. ज्या दुःखाला मुळातच नकार कारणीभूत आहे, त्याची किंमत त्या माणसाला न विचारता कशी काढणार?

तोच हिशोब, पुरा मांडला तर

आता सरकारचा हिशोब बाजूला ठेवून बेंथमच्याच पद्धतीने मोजून पाहू. सुखदुःख मोजायला त्याने सात मापं दिली: तीव्रता, कालावधी, निश्चितता, जवळ-लांबपणा, त्यातून पुढे आणखी तसंच सुख वा दुःख निघतं का, त्यात उलट प्रकारची भेसळ किती, आणि ते किती जणांपर्यंत पोचतं. सरकारने यातलं फक्त शेवटचं माप उचललं. डोकी मोजली.

निश्चितता घ्या. मावळ्याचं नुकसान शंभर टक्के नक्की होतं. पाणी चढणार आणि खाचर बुडणार. शहराचं सुख मात्र 'जर'वर टांगलेलं: गिरण्या वाढल्या तर, मजुरांची भरती झाली तर, कोळशात वाचलेला पैसा मालकाच्या खिशातून मजुरीपर्यंत झिरपला तर. नक्की दुःख आणि संभाव्य सुख यांना सारखं वजन देणं बेंथमच्या शाळेतही नापास होण्यासारखं आहे.

तीव्रतेचं माप याहून बोलकं आहे. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला आणखी एक रुपया मिळाल्याने वाढणारं सुख, आणि ज्याच्याकडे थोडंच आहे त्याचा तोच रुपया गेल्याने होणारं दुःख, ही दोन सारखी नाहीत, हे बेंथमनेच दाखवून दिलं होतं. त्याने पुढे असंही म्हटलं की हातातलं जाण्याचं दुःख तितकंच मिळण्याच्या सुखाहून मोठं असतं. म्हणून कायद्याचं पहिलं काम माणसाच्या रास्त अपेक्षेला तडा जाऊ न देणं हे आहे. यंदा पेरलं ते पुढच्या साली आपणच पेरू, ही शेतकऱ्याची अपेक्षा. तिच्यावर घर बांधलं जातं, लग्न ठरतं, कर्ज काढलं जातं. ती मोडली की एका वर्षाचं पीक जात नाही, सगळा पुढचा काळ जातो. मुळशीत सरकारविरुद्ध साक्ष द्यायला खुद्द बेंथमलाच उभं करता आलं असतं.

मग डोकी तरी नीट मोजली का? मोबदला ज्याच्या नावावर जमीन होती त्याला मिळाला. खंडाने करणारा, गहाणात अडकलेला, शेतावर राबणारा, बलुतं घेणारा, रानावर जगणारा कातकरी, यांचा तर जगण्याचा आधारच बुडाला, पण मोबदल्याच्या कागदावर त्यांची स्वतंत्र ओळ नव्हती. सावकाराची दुहेरी सोय झाली: अडकलेलं भांडवल रोख होऊन परत आलं, तेही वाढीव दराने. पुष्कळांचं सुख मोजायला निघालेल्या हिशोबात पुष्कळच गाळले गेले होते.

कालावधीचं माप शंभर वर्षांनी आपल्याला अधिक नीट दिसतं, आणि इथे मला दोन्ही बाजूंनी बोलायला हवं. ज्या गिरण्यांसाठी हे झालं त्यांपैकी बहुतेक १९८२ च्या संपानंतर विझत गेल्या. दादर-परळच्या त्या पट्ट्यातून रेल्वेच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला, जुन्या तुळशी पाइप रोडला, आज सेनापती बापट मार्ग म्हणतात. गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. पण वीजघर चालूच आहे. धूर न सोडता, कोळसा न जाळता शंभर वर्षं वीज देणारी यंत्रणा आज हवामानबदलाच्या काळात आपण वेगळ्या आदराने पाहतो, आणि १९२१ साली हे सुख कुणाच्याही हिशोबात नव्हतं. भिऱ्याला सोडलेल्या पाण्यामुळे कुंडलिका बारमाही झाली आणि खालच्या कोकणाला पाणी मिळालं. त्याच वेळी मुळेचं ते पाणी भीमेच्या खोऱ्याला मुकलं. पुण्यापासून सोलापूरपर्यंतच्या कोरड्या तालुक्यांचं दुःखही १९२१ च्या कागदावर नव्हतं. पश्चिमेला वळवलेल्या या पाण्याचा वाद अजून मिटलेला नाही.

परिणामांवर नीती उभी करण्यातली ही नेहमीची अडचण आहे. परिणाम संपतच नाहीत. हिशोब कुठल्या साली बंद करायचा? पण हे कारण पुढे करून मोजणंच सोडून द्यावं असं मला वाटत नाही. न मोजता धरण बांधणारे मोजून बांधणाऱ्यांपेक्षा वाईटच.

मानलं की बेरीज धरणाच्या बाजूने येते

आता अवघड पायरी. समजा, सगळी सातही मापं लावली, खंडकरी मोजले, कातकरी मोजले, नुकसानीला दुप्पट-तिप्पट वजन दिलं, आणि तरीही शहराचं सुख जास्त भरलं. तसं होणं अगदी शक्य आहे, कारण शहर मोठं होतं आणि त्यातही गरीबच राबत होते. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणीकामगार हा मावळ्याचाच भाऊबंद. त्याची मजुरी वाढणं हेही खरं सुख आहे. मग धरण बांधणं योग्य ठरतं का?

सत्याग्रह सुरू झाला त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त मुळशीवर लिहिलं. टाटांनी कायद्याच्या हक्कावर बोट न ठेवता लोकांशी बोलून काय ते करावं, असं सुचवून त्यांनी विचारलं की ही योजना हिंदुस्थानला देऊ म्हणते ती सगळी वरदानं एका जरी गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध मिळणार असतील तर त्यांचं मोल काय? आणि पुढे त्यांनी जे म्हटलं ते वाचून अंगावर काटा येतो: अर्धपोटी जगणारी तीन कोटी माणसं आणि लाखो जर्जर लोक गोळ्या घालून मारले, त्यांच्या देहांचं खत केलं, तर रोगराई आणि दारिद्र्य सहज संपेल आणि उरलेले चैनीत राहतील. असं वेड्याशिवाय कुणी सुचवणार नाही. मग गोळी न घालता, ज्या जमिनीभोवती माणसाचं सगळं भावविश्व उभं राहिलं ती सक्तीने काढून घेतली, तर मुद्दा कमजोर होतो का?

उपयुक्ततावादावरची इतकी नेमकी टीका मी क्वचित वाचली आहे. गोळीचं उदाहरण अतिशयोक्तीचं वाटतं, पण तर्क त्यातून उघडा पडतो. बेरीज करताना प्रत्येकाचं सुख एकाच भांड्यात ओततो आणि भांडं किती भरलं तेवढंच बघतो. कुणाचं काढून कुणात घातलं, हे भांड्याला दिसत नाही. एका माणसाने आज उपाशी राहून उद्या पोटभर जेवायचं ठरवलं तर आपण त्याला समंजस म्हणतो, कारण उपाशी तोच राहिला आणि जेवलाही तोच. पण मावळा उपाशी राहिला आणि मुंबई जेवली, तर कोण समंजस? १९७१ साली अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने हाच दोष दाखवला: हा सिद्धान्त माणसामाणसांतला वेगळेपणा गंभीरपणे घेत नाही. गांधीजींनी पन्नास वर्षं आधी हे एका पेट्याच्या संदर्भात सांगितलं होतं. पुढे १९२६ साली त्यांनी अहिंसेचा उपासक पुष्कळांच्या हिताचं सूत्र मान्य करू शकत नाही, तो सर्वांच्या हितासाठी झटेल, असं लिहिलं. अहिंसेचा उपासक आणि उपयुक्ततावादी यांच्या वाटा बऱ्याचदा एकत्र येतील, पण एका ठिकाणी फुटतील, हेही त्यांनी कबूल केलं.

टिळकांची टीका वेगळ्या अंगाने जाते. १९१५ सालच्या 'गीतारहस्या'त चौथं प्रकरण आधिभौतिक सुखवादावर आहे. तिथे ते अमेरिकेतल्या एका शहरातल्या ट्रामचं उदाहरण घेतात. परवानगीला उशीर होत होता, व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्राम लवकर सुरू झाली आणि लोकांची सोय झाली. परिणाम उत्तम, तरी ते कृत्य नीतीचं ठरेना. टिळकांचं म्हणणं असं की नुसत्या बाह्य परिणामावरून नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते. मला हे अर्धंच पटतं. टाटांच्या योजनेमागची बुद्धी वाईट होती असं कुणी म्हणू शकणार नाही. जमशेटजींपासून त्यात देशाचं औद्योगिक भलं पाहण्याची दृष्टी होती. बुद्धी शुद्ध होती, परिणामही बरेचसे चांगले होते. तरीही मुळशीत काहीतरी चुकलं. चूक शोधायची तर कर्त्याच्या मनात किंवा अंतिम बेरजेत सापडणार नाही. ती मधल्या जागेत आहे: ज्याचं घ्यायचं, त्याला विचारलं का?

उपयुक्ततावाद्याचं उत्तर

यावर उपयुक्ततावादी गप्प बसत नाही, आणि त्याचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. तो म्हणेल, एकेका कृतीचा हिशोब करू नका, नियमाचा करा. 'कंपनीचा अंदाज फायद्याचा असेल तर माणसाची जमीन त्याच्या नकाराला न जुमानता घ्यावी' हा नियम एकदा रूढ झाला की काय होईल? कुठलाच शेतकरी निर्धास्त झोपणार नाही. अंदाज फुगवले जातील, कारण फुगवणाऱ्यालाच जमीन मिळणार. नुकसान सोसणारे नेहमी तेच राहतील, ज्यांचा आवाज कचेरीपर्यंत पोचत नाही. असा नियम दीर्घकाळात दुःखच वाढवेल, म्हणून उपयुक्ततावादानेच तो नाकारावा.

नियमनिष्ठ उपयुक्ततावाद म्हणतात तो हाच. मुळशीपुरता तो मावळ्याच्या बाजूने उभा राहतो. त्यानंतरच्या काळात महाराष्ट्रात कोयना, पानशेत, उजनी अशी धरणं झाली आणि धरणग्रस्तांची एकेक पिढी मोबदल्याच्या फायली घेऊन हिंडली. नियमाचे परिणाम काय होतात याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे.

तरी एक खोच उरते. नियम पाळण्याचं कारण अजूनही बेरीजच आहे. उद्या कुणी दाखवून दिलं की भीती पसरू न देता, गाजावाजा न करता, मूठभर लोकांचं घेता येतं, तर या उत्तराकडे दुसरं काही सांगायला नसतं. मावळ्याला 'तुझी जमीन आम्ही घेणार नाही, कारण घेतली तर बाकीचे घाबरतील' असं सांगणं आणि 'ती तुझी आहे' असं सांगणं, यांत त्याला फरक कळतो.

१९३९ साली निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी एक कसोटी मांडली, जी आज जगभर प्रकल्पांच्या नफा-खर्च विश्लेषणामागे असते. ज्यांचा फायदा झाला ते नुकसान झालेल्यांना भरपाई देऊनही फायद्यातच राहू शकत असतील, तर प्रकल्प समर्थनीय. इथे भरपाई देता येण्याजोगी असणं पुरे, प्रत्यक्ष द्यायलाच हवी असं नाही. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की आधी त्यांचा विश्वास बसत नाही. 'देता येईल' आणि 'दिली' यांच्यामधल्या फटीत आपल्याकडची कित्येक गावं पडून आहेत.

माझा निर्णय

गांधीजींचा शब्द शब्दशः घेतला, तर एका माणसाच्या नकाराने कुठलाही तलाव, रस्ता, दवाखाना अडेल. नकार देणारा नेहमी गरीबच असेल असंही नाही. मुळशीत सावकारानेही नकार दिला होता, भाव वाढेपर्यंत. म्हणून एकमुखी संमती हा नियम मला चालवता येण्याजोगा वाटत नाही. पण हिशोबाला मी परवानगीचं कामही देणार नाही. काय पणाला लागलंय, कुणाचं किती जाणार, कुठला पर्याय कमी माणसं उठवतो, हे सांगायला हिशोब हवा, आणि तो बेंथमच्या सातही मापांनी, प्रत्येकाला एक धरून हवा. मात्र बेरीज धरणाच्या बाजूने आली, तर त्याचा अर्थ इतकाच की आता गावात जाऊन बोलणी करण्याइतकं कारण तुमच्याकडे आहे. जमिनीला जमीन, विजेत वाटा, कसणाऱ्याशी वेगळा करार, धरणाची उंची कमी करण्याची तयारी, हे सगळं त्या बोलण्यांत यायला हवं होतं. १९२१ साली बोलणी झाली ती दराची, तीही मुख्यतः सावकारांशी. मुळशीचा निर्णय मी चुकीचा मानतो तो म्हणून.

तो काळ वेगळा होता, असं यावर विद्यार्थी म्हणतात. पण त्याच काळात, त्याच महिन्यात, हे सगळे प्रश्न छापून विचारले गेले होते आणि मावळे तेच बोलत होते.

१८९४ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही साडेसहा दशकं चालला. १९८४ साली सक्तीबद्दलचे १५ टक्के ३० झाले. २०१३ साली नवा कायदा आला. आता ही रक्कम मोबदल्याच्या १०० टक्के आहे, सामाजिक परिणामांचा अभ्यास आधी करावा लागतो, कूळ, वाटेकरी आणि शेतमजूर हे बाधित कुटुंबांत मोजले जातात आणि त्यांना पुनर्वसनाचा हक्क आहे. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधितांपैकी किमान ८० टक्के कुटुंबांची आधी संमती लागते. मुळशी पेट्यातल्या माणसांनी जे मागितलं होतं त्यातलं पुष्कळसं या कायद्यात आलंय, असं पहिल्या वाचनात वाटतं. पण ८० टक्के कुणाचे, हे कलम काळजीपूर्वक वाचावं. संमती विचारायची ती ज्यांची जमीन किंवा स्थावर मालमत्ता घेतली जाते त्या कुटुंबांना, आणि ज्यांना सरकारने योजनेतून जमीन दिलेली आहे त्यांना. तीच जमीन वर्षानुवर्षं खंडाने कसणारा या ८० टक्क्यांत येत नाही.